घरजावयाचा कोड

"मामाजी, दसऱ्याच्या दिवशी बरोबर दहाच्या ठोक्याले मोहफूल रंगभूमी ऑनलाइन जाणार म्हणजे जाणार! मंग ती बुकिंगची वही पेटीत ठेवा, कुलूप लावा आन् किल्ली वैनगंगेत फेकून द्या!"

हे वाक्य हेमराज बोरकुटेने वडशात, सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या पाटावर बसून, सासऱ्याच्याच धानाचा भात कालवताना उच्चारलं. सासरे गुणवंतराव हे मोहफूल रंगभूमीचे मालक, दिग्दर्शक, लेखक आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही नायक. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "पाहू."

गुणवंतरावांच्या 'पाहू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. 'नाई' म्हणायला त्यांना वेळ नसला की ते 'पाहू' म्हणत.

हेमराजने नागपूरला नऊ वर्षं वेबसाइटा बनवल्या होत्या. मग एका दुपारी त्याच्या कंपनीने सगळ्यांना सभागृहात बोलावून समोसे खाऊ घातले आणि कंपनी बंद झाल्याचं सांगितलं. त्याच सुमारास त्याच्या बायकोची, रंजीताची, नर्स म्हणून वडशाला बदली झाली. माहेर गावातच! पंधरा दिवस राहू, मग भाड्याने घर बघू, असं ठरलं. त्याला आता चौदा महिने झाले होते. माणूस एका दिवसात घरजावई होत नाही. आधी त्याच्या टॉवेलला एक ठरलेली खुंटी मिळते. मग त्याला दळणाचा डबा कुठे असतो ते कळतं. आणि एक दिवस पाहुणे आल्यावर सासरे म्हणतात, "हे आमचे जवाई. सध्या घरीच असतात."

गुणवंतराव हे चार लोकांसमोर म्हणाले, तेव्हा रंजीता दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने चहा दिला, आत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "बाबा तुमाले नाई बोलले, मले बोलले. एक काम असं करून दाखवा, का बाबानं चार लोकात तुमचं नाव घेतलं पाह्यजे. नुसतं 'जवाई' नाई. नाव."

एवढंच होतं. पण हेमराजला ते लागलं. त्यातच गुणवंतरावांनी त्याच्यासाठी एक जागाही बघून ठेवली होती. हंगामात नाटकाची जाहिरात करत खेडोपाडी फिरणाऱ्या गाडीवर भोंगा घेऊन बसायची जागा. "जवाईबापूचा आवाज खणखणीत हाय," असं ते दोनदा म्हणाले होते. वेबसाइट किंवा भोंगा, असा मामला होता.

आता झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, नाटकाचं बुकिंग कसं होतं ते सांगितलं पाहिजे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्याआधी गावाचं मंडळ वडशाला येतं, कंपन्यांच्या ऑफिसांत फिरतं, पोस्टर बघतं. गुणवंतराव मंडळाला खाटेवर बसवत, चहा देत आणि येणाऱ्या नाटकातले तीन-चार डायलॉग उभ्या उभ्या म्हणून दाखवत. डायलॉग आवडला की तारीख पक्की! नाटक मागाहून लिहून व्हायचं. चाळीस वर्षांत एकाही मंडळाने आधी अख्खं नाटक मागितलं नव्हतं आणि गुणवंतरावांकडे ते कधी तयारही नव्हतं.

हेमराजच्या वेबसाइटवर मंडळाने घरबसल्या तारीख बघायची होती, नाटक निवडायचं होतं आणि बटण दाबायचं होतं. हे सगळं सांभाळणारी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, त्याने दोन महिने खपून लिहिली.

"ही स्क्रिप्ट आपल्या मोबाइलमध्ये नाई चालत मामाजी. ती तिकडं सर्व्हरवर चालते. सर्व्हर म्हणजे मोठा कॉम्प्युटर. लोकांले फक्त शेवटचं पान दिसते. जसं नाटकात पडद्यामागं रंगरंगोटी होते आन् लोकांले डायरेक्ट राजा दिसते."

"आन् पडद्यामागं रंगरंगोटी झालीच नाई तं?"

"तं लोकांले राजा बनियनवर दिसते."

"मंग ते होऊ देऊ नका," गुणवंतराव म्हणाले.

त्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती हेमराजने कुणाला सांगितली नाही. प्रोग्राम लिहिणारे लोक मधे मधे स्वतःसाठी टिपणं लिहितात. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, आणि वेबसाइट बघणाऱ्याला तर ती कधीच दिसत नाही. हेमराजने सुरुवात शहाण्यासारखी केली. 'इथे तारीख तपासा.' 'इथे गावाचं नाव घ्या.' पण घरजावयाला बोलायला जागा कुठे असते? मित्र नागपूरला, बायको ड्युटीवर, भिंतींना कान सासूचे. हळूहळू दोन तिरप्या रेघांच्या पुढे हेमराजचं मन मोकळं व्हायला लागलं. शेवटी शेवटी तर स्क्रिप्ट कमी आणि मन जास्त, असा प्रकार झाला.

दसऱ्याला ऑफिसात सोळा माणसं जमली. कलाकार, तबलेवाले, पडदेवाले, शेजारी. खंडेनवमीला हार्मोनियमसोबत लॅपटॉपचीही पूजा झाली होती. सासूबाई सुगंधाबाईंनी त्याला इतक्या मनोभावे हळदकुंकू वाहिलं होतं, की 'क' दाबला की 'ख' पण उमटत होता.

गुणवंतराव नारळ हातात घेऊन उभे राहिले. "सर्व्हर कुठी हाय?"

"सिंगापूरले."

"मंग नारळ कुठी फोडाचा?"

यावर बरीच चर्चा झाली. अखेर सिंगापूर पूर्वेला येतं असं तबलेवाल्याने सांगितलं, म्हणून नारळ पूर्वेच्या उंबऱ्यावर फोडला. दहाचा ठोका पडला. हेमराजने गुणवंतरावांच्या हातात त्यांचाच मोबाइल दिला आणि वेबसाइटचा पत्ता टाकून बोट दाबायला लावलं.

पान उघडलं. पान पांढरं होतं. वर काही नाही, खाली काही नाही, मधे तर अजिबातच नाही.

गुणवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "पडदा तं छान हाय," ते म्हणाले. "उघडते कवा?"

"होते होते. पाच मिनिटं!" हेमराज म्हणाला.

सोळा माणसांनी खोबरं खाल्लं. मग पेढे खाल्ले. मग एकेक जण, गुणवंतरावांकडे न बघता, चपला शोधू लागला.

हेमराजने वेबसाइटची जागा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. लगेच उत्तर आलं, की आपला तक्रार क्रमांक अमुक आहे आणि आमचा माणूस लवकरच आपल्याशी बोलेल. 'लवकरच' म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. मग त्याने नागपूरच्या मिथुनला फोन लावला. मिथुन त्याच्यासोबत कामाला होता आणि त्याला दुसऱ्याच्या अडचणीत फार उत्साह यायचा.

"अबे, पान पांढरं येऊन राह्यलं ना? मंग परमिशन चेक कर! सर्व्हरवर फाइलले चालायची परमिशनच नसन!"

फोनवरचं हे बोलणं गुणवंतरावांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चौदा महिन्यांत जावयाच्या कामातलं पहिल्यांदाच त्यांना काही समजलं होतं. प्रत्येक नाटकाला पोलीस ठाण्याची परवानगी काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? ते न बोलता सदरा घालून बाहेर पडले. दोन तासांनी आले.

"अर्ज देऊन आलो," ते म्हणाले. "साहेब इचारत होते, वेबसाइट मैदानात हाय का शाळेच्या पटांगणात. मी पटांगण लिहिलं. लाउडस्पीकर नाई असं पण लिहिलं. आता चालन काय?"

"मामाजी, ती परमिशन वेगळी असते."

"वनखात्याची?"

हेमराज लॅपटॉपकडे वळला. त्याने सर्व्हरवरच्या सगळ्या फायलींना हव्या तेवढ्या परवानग्या देऊन टाकल्या होत्या. पान पांढरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मिथुनने व्हर्जन बदलायला सांगितलं. बदललं. पांढरं. तिसऱ्या दिवशी त्याने हेमराजला अर्धी स्क्रिप्ट काढायला लावली, मग उरलेली अर्धी काढून पहिली परत घालायला लावली. पांढरं ते पांढरंच. येता-जाता गुणवंतराव खिडकीतून विचारत, "उघडला काय पडदा?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. चौथ्या दिवशी सकाळी जाहिरातीचा गाडीवाला अंगणात आला आणि भोंगा कुणाच्या हातात द्यायचा म्हणून विचारू लागला. सुगंधाबाईंनी नुसतं खिडकीकडे बघितलं.

रंजीता ड्युटीवर निघताना हेमराजजवळ थांबली. "होईल ना?" तिने हळूच विचारलं.

"होईल म्हणजे? झालंच समज!"

ती गेली. हेमराजने डोळे मिटून, मिथुन सांगेल तशी, सेटिंगच्या फायलीत शेवटची एक ओळ बदलली. मग घाईघाईने त्याने लॅपटॉपवर वेबसाइट उघडली.

उघडली! वरती मोहाच्या फुलांची वेल, मधे गुणवंतरावांचा तलवार घेतलेला फोटो, खाली तारखा. बटण दाबलं तर तारीख बुक! हेमराज खुर्चीवरून उठला तो लॅपटॉप डोक्यावर घेऊनच अंगणात धावला. "मामाजी! चालू झाली! धाडा सगळ्या मंडळांले पत्ता!"

गुणवंतरावांनी लॅपटॉपवर बघितलं, फोटो बघितला, तलवार बघितली. मग आपल्या मोबाइलमधल्या एकशे चाळीस गावांच्या मंडळांना त्यांनी वेबसाइटचा पत्ता पाठवून दिला. वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नवीन हंगाम. उघडा व वाचा.'

इथे एक बारीकशी गोष्ट हेमराजच्या नजरेतून सुटली. चार दिवसांच्या खटपटीत त्याने वेबसाइटची एक प्रत तपासण्यासाठी स्वतःच्या लॅपटॉपवरही ठेवली होती, आणि आत्ता त्याने उघडली होती ती तीच. लॅपटॉपवरची वेबसाइट झकास चालत होती, कारण ती सिंगापूरला गेलीच नव्हती. सिंगापूरवाली अजूनही चालत नव्हती. फक्त त्या शेवटच्या ओळीमुळे तिने पांढरं पान दाखवणं सोडलं होतं. चालवता येत नाही ती स्क्रिप्ट आता ती सरळ, जशीच्या तशी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जगाला वाचायला देत होती. दोन तिरप्या रेघांसकट!

अर्ध्या तासाने गुणवंतरावांचा फोन वाजला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. पोटातून आवाज काढणाऱ्या नटाला कानाला फोन लावून बोलणं कमीपणाचं वाटतं. ऑफिसात तेव्हा हेमराज होता, दोन कलाकार होते आणि चहा घेऊन आलेल्या सुगंधाबाई होत्या.

"गुणवंतराव, मी कोसंबीचा लटारू बोलून राह्यलो!" कोसंबीच्या मंडळाचे हे अध्यक्ष. यांना डायलॉग आवडायला एरवी तीन चहा लागत. "नवीन नाटक एक नंबर हाय! मंडईले हेच पाह्यजे आमाले!"

"कोणतं नाटक?" गुणवंतराव म्हणाले.

"तेच ना, जवाई आन् सासऱ्याचं! तुमी डायलॉग धाडले ना मोबाइलवर? या बारीले घरबसल्या वाचाले देल्ले, हे बेस केलं. आमी पारावर वीस जण बसून हाओ. थांबा, वाचून दाखवतो."

हेमराजच्या हातातली बशी कलली.

लटारूभाऊ शाळेत पुस्तक वाचायला उभं राहावं तसे, शब्दाशब्दावर थांबत वाचू लागले. "'नायकाचं वय या रकान्यात विचारू नये. विचारलं तर सर्व्हरला हसू येईल.'"

फोनमधून वीस माणसं हसली. इकडच्या दोन कलाकारांपैकी एकाला ठसका लागला.

"पुढचा आयका. 'मामाजी स्टेजवर मरायला पंधरा मिनिटं घेतात. तेवढ्यात माणूस चहा पिऊन परत येतो. म्हणून हे पान पंधरा मिनिटांनी ताजं होईल असं ठेवलं आहे.'"

"मामाजी," हेमराज म्हणाला, "फोन खराब हाय. मी पाहतो..."

गुणवंतरावांनी फोन छातीशी धरला. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिसऱ्या अंकात सिंहासन गेल्यावर असतो तसा चेहरा.

"'मामीजी सगळ्यात जवस घालतात. काल चहासुद्धा मी आधी वास घेऊन प्यायलो.' आमच्या इथी बाया लय हासल्या यावर, गुणवंतराव! आन् हा आयका. 'एरर आली तर चूक कुणाची, ते इथे ठरतं. या घरात ते आधीच ठरलेलं आहे.'"

सुगंधाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला.

"मधात मधात इंग्रजीत काही हाय," लटारूभाऊ म्हणाले. "इफ, एल्स, डॉलरच्या खुणा, कंसावर कंस. ते मांत्रिकाचं पात्र हाय ना? त्याचं काम जरा कमी करा, त्याचं काही समजून नाई राह्यलं. बाकी नाटक घरोघरीचं हाय. आन् एक शेवटचा. हा शकुबाईनं दोनदा वाचाले लावला."

"लटारूभाऊ, बस झालं," हेमराज म्हणाला, पण तिकडे वाचन सुरू झालं होतं.

"'रंजीताने आज पुन्हा विचारलं, होईल ना? मी हो म्हटलं. आता हे चालायलाच पाहिजे. ती माझ्यापायी चार लोकांत मान खाली घालते. मला ते बघवत नाही.'"

फोनमध्ये आता कुणी हसत नव्हतं. पलीकडे एक म्हातारी नाक ओढत होती, बहुधा शकुबाईच.

गुणवंतरावांनी फोन छातीवरून खाली घेतला. मग चाळीस वर्षांची सवय मनाच्या आधी हाताला आली. उजवा हात आपणहून खणात गेला, वही निघाली, कानावरची पेन्सिल निघाली.

"कोणती तारीख पाह्यजे?" गुणवंतरावांनी विचारलं.

हेमराज परसात जाऊन बसला. विहिरीजवळच्या दगडावर. आत फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. प्रत्येक फोनमागून त्याला आपलीच वाक्यं वेगवेगळ्या गावांच्या आवाजात ऐकू येत होती. कुरखेड्याचं 'मामाजी', सिंदेवाहीचं 'मामाजी', एक तर चक्क बाईच्या आवाजातलं. आपल्याला टॉवेल घेऊन निघायला किती वेळ लागेल, याचा तो हिशेब करत होता. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. आणि त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती. सासऱ्याने त्याला कधी जेवताना 'पुरे' म्हटलं नव्हतं.

सुगंधाबाई आल्या. त्यांनी त्याच्याजवळ दगडावर चहाचा कप ठेवला.

"वास घेऊन पाहा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्याने चहा एका घोटात प्यायला. जीभ भाजली, पण वास घेतला नाही.

दुपारी रंजीता ड्युटीवरून परतली. तिला सांगायची गरज नव्हती. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सबाया ते पान वाचून बसल्या होत्या, आणि एका बाळंतिणीच्या सासूने तिला 'रंजीता म्हणजे तूच काय?' असं विचारलं होतं. ती विहिरीच्या काठाला टेकून उभी राहिली.

"मी जातो नागपूरले," हेमराज म्हणाला. "मिथुनच्या खोलीवर राहीन."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुझ्या बापाले मी एकशे चाळीस गावात..."

"चौदा महिने झाले," रंजीता म्हणाली, "मी रोज इचारून राह्यली का तुमच्या मनात काय हाय. तुमी म्हणता, काई नाई. आन् कॉम्प्युटरले सगळं सांगता! कोसंबीची शकुबाई मायाहून आधी वाचते!" तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. काय करावं ते हेमराजला कळेना, म्हणून त्याने रिकामा कप तिच्या हातात दिला.

तेवढ्यात आतून खणखणीत हाक आली. "जवाईबापू!"

ऑफिसात गुणवंतराव वहीसमोर बसले होते. हेमराज दारातच उभा राहिला. रंजीता त्याच्या मागे.

"बसा," गुणवंतराव म्हणाले. "तुमी लिहिलं ते मी सगळं वाचलं. चष्मा लावून वाचलं."

"मामाजी, मले माफ..."

"पंधरा मिनिटं नाई लागत मले मराले."

"हो, मामाजी."

"बारा लागते. मी घड्याळ लावून मरतो. लिहिताना माणसानं खरं लिहावं. दुरुस्त करा."

हेमराज तिथेच बसला, सर्व्हरवरची फाइल उघडली आणि पंधराचे बारा केले. गुणवंतरावांनी आपल्या मोबाइलवर पान पुन्हा उघडून बघितलं. बारा झाले होते. त्यांना ते फार आवडलं. लगेच त्यांनी 'खणखणीत आवाजाचे मामाजी' असं एका ठिकाणी घालायला लावलं. स्वयंपाकघरातून सुगंधाबाईंनी निरोप धाडला, की चहात जवस कधीच नसते, भाजीत असते, तेवढी वेगळी ओळ करावी. तीही केली. मिनिटाभरात कोसंबीहून फोन, "बारा मिनिटं केलं ना? आमी दर घडीले उघडून पाहून राह्यलो! नवीन डायलॉग आला का पोट्टे वरडते!"

त्या दिवशी मावळतीपर्यंत एकवीस गावांच्या तारखा लागल्या. सगळ्या वहीत, पेन्सिलीने. वेबसाइटवरचं बटण कुणी दाबलं नाही, कारण ते कुणाला दिसतच नव्हतं. नाटक लिहायला महिना होता आणि तो पुरेल, असं गुणवंतराव म्हणाले. जाहिरातीच्या गाडीवर भोंगा घेऊन गाडीवाल्याचाच मेव्हणा बसला.

दोन दिवसांनी आरमोरीकडचं एक मंडळ स्वतः ऑफिसात आलं. पाच माणसं खाटेवर बसली. रंजीता चहाचा ट्रे घेऊन दारात होती. गुणवंतराव उठून उभे राहिले, डायलॉग म्हणायच्या वेळी राहायचे तसे, आणि त्यांनी हात लांब केला.

"हे हेमराज बोरकुटे," ते म्हणाले. "आमच्या नवीन नाटकाचे लेखक. कॉम्प्युटरवर सिंगापूरहून नाटक चालवतात. मले चाळीस वर्षांत जे नाई जमलं, ते यायनं चार दिवसांत केलं." मग थोडं थांबून म्हणाले, "जवाई पण आमचेच हायेत."

रंजीताने चहा दिला. मान वर करून दिला. हेमराज जरा काम असल्याचं सांगून आतल्या खोलीत गेला.

लॅपटॉप उघडला तर पत्र आलेलं होतं. वेबसाइटची जागा देणाऱ्या कंपनीचं. 'लवकरच' म्हणजे सहा दिवस, हे आता कळलं. पत्र सभ्य होतं. आपण घेतलेल्या जागेवर कोणतीही स्क्रिप्ट चालत नाही, तिथे साधी पानं फक्त दिसतात. आपण आमच्याकडून जागा घेताना हे पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि त्याखाली 'मी वाचलं आहे' या चौकोनात आपण खूण केलेली आहे. आपला दिवस चांगला जावो.

हेमराजने पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांचा अनुभव, सहा दिवस, मिथुन, व्हर्जन, परवानग्या, पोलीस ठाण्यातला अर्ज! बाहेर मंडळाचा अध्यक्ष त्याच्या नावाने वाहवा करत होता. "लय हुशार माणूस हाय तुमचा!" "मंग! न वाचता, न बघता एक अक्षर लिहीत नाई," गुणवंतराव सांगत होते.

कुणाला काही सांगायचं कारण नव्हतं. पण चांगला प्रोग्रामर दोषाचं कारण कधीही डोक्यात ठेवत नाही, तो ते टिपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक होत नाही. ही शिस्त हेमराजच्या बोटांत नऊ वर्षं मुरलेली. त्याने सर्व्हरवरची फाइल उघडली, सगळ्यात वर जागा केली, दोन तिरप्या रेघा मारल्या आणि लिहिलं.

'चूक सर्व्हरची नव्हती. मीच न वाचता चुकीची जागा घेतली. इथे ही स्क्रिप्ट शंभर वर्षं चालली नसती. मामाजींना सांगू नये.'

सेव्ह केलं आणि खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले. मन कसं मोकळं झालं! असा हलकेपणा त्याला किती दिवसांत वाटला नव्हता.

बाहेर गुणवंतरावांचा फोन वाजला.

"गुणवंतराव, लटारू बोलून राह्यलो! आत्ता या घडीले नवीन डायलॉग आला, एकदम वरती! जमलेल्या लोकांले पण आयकू द्या. वाचू काय?"

हेमराज उठला. खुर्ची पडली. तो दारापर्यंत पोचला, तोवर गुणवंतरावांनी पाहुण्यांना हाताने गप्प केलं होतं आणि फोन उंच धरला होता.

"वाचा," ते कौतुकाने म्हणाले.